कातरीचे तेरा आठवडे

मी कातर बोलतेय. मेंढ्यांची लोकर उतरवणारी, विजेवर चालणारी कातर. गप्प बसणं माझ्या अंगातच नाही. माझी पाती एका मिनिटात हजारो वेळा इकडून तिकडे धावतात, तेवढ्यासाठीच मला घडवलंय. आणि गेले अकरा आठवडे मी एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तेलकट फडक्यात गुंडाळलेली, निमूट पडून आहे. म्हणून बोलतेय. कुणी तरी ऐकलंच पाहिजे.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाचं अंग, पुढे दातेरी फणी, फणीवर पातं, मागे वरच्या मोटारीतून येणारी दांडी अडकवायची खाच. दुकानाच्या काचेआड मी जेमतेम चार दिवस होते. पाचव्या दिवशी मर्व्ह हॅसेट नावाचा माणूस आला, त्यानं मला तळहातावर तोललं आणि दुकानदाराला म्हणाला, "हिला पिशवीबिशवी नको. अशीच दे." खिशात घालून त्यानं मला थेट मेंढ्या कातरायच्या शेडवर नेलं आणि तासाभरात माझ्या दातांत लोकर होती.

मर्व्हबरोबर मी बावीस वर्षं काम केलं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या त्या सपाट, पिवळ्या मुलखात कातरणाऱ्यांची आमची टोळी एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जायची. सकाळी साडेसातला घंटा, दोन तास काम, चहा, पुन्हा दोन तास. मी इतकी तापायचे, की मर्व्ह मला मध्येच तेल पाजायचा आणि म्हणायचा, "दम खा बाई, मेंढ्या कुठे पळून जात नाहीत." मला मात्र दम खायचा नसायचा.

मर्व्हचा एक नेम होता. तसा तो सगळ्या टोळीचाच होता, पण मर्व्ह तो देवधर्मासारखा पाळायचा. शेवटची मेंढी कातरून घसरणीवरून खाली अंगणात गेली, की त्या शेडचं काम संपलं. त्याच्या आधी पैशाचं नाव काढायचं नाही. घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत. एकदा एका शेतकऱ्याला गावाला जायची घाई होती. तो दुपारीच मजुरीची पाकिटं घेऊन आला.

मर्व्ह म्हणाला, "ठेव खिशात. अठ्ठावीस उभ्या आहेत अजून."

"अरे, तुम्ही काय पळून जाणार आहात का?"

"आम्ही नाही. पण तू आत्ताच दिलेस तर त्या अठ्ठावीस कशा कातरल्या जातील ते मला माहीत आहे."

सगळं शेड हसलं. त्या हसणाऱ्यांत मर्व्हची पुतणी होती, ब्रॉन्विन. सगळे तिला ब्रॉन म्हणायचे. तेव्हा ती खाली पडलेली लोकर उचलायचं काम करायची आणि मर्व्हचा प्रत्येक शब्द उचलायची.

मर्व्हची पाठ गेली तेव्हा त्यानं मला तिच्या हातात दिलं. "घे. माझं कंबरडं गेलं, हिचं शाबूत आहे," एवढंच म्हणाला.

ब्रॉनचा हात कसा होता म्हणून सांगू! मर्व्ह ताकदीनं कातरायचा, ही लयीत. मेंढीला गुडघ्यांत धरायची, पोटापासून सुरुवात, मग मागचा पाय, मग पाठीवरून एकेक लांब झेप. लोकर एका तुकड्यात, अंगरखा उतरवल्यासारखी निघायची. सहा वर्षं मी त्या हातात सुखी होते. सुखी म्हणजे धावत होते.

त्या सहा वर्षांत ब्रॉननं पैसे साठवले. सगळी टोळी तिला त्यावरून चिडवायची. टोळीतला स्कॉटी तर शेडवर तिला 'बँकवाली' म्हणूनच हाक मारायचा. त्यानं स्वतःचे सगळे पैसे एका बोटीत घातले होते. समुद्र त्याच्या गावापासून तीन तासांवर, तरी बोट!

मग तो शनिवार आला. गावच्या नेटबॉल संघात ब्रॉन खेळायची. चेंडूवर झेपावताना ती हातावर पडली. मनगट सुजलं. मुरगळलं असेल, सगळेच म्हणाले. सोमवारी पट्टी आवळून ती कामावर हजर. दोन महिने ती तशीच कातरत राहिली. मला कळत होतं. तिची पकड रोज थोडी सैल होत होती, अंगठा माझ्या पाठीवर टेकायला घाबरत होता. मी काय करणार? मला फक्त धावता येतं.

आणि एक दिवस मी तिच्या हातातून निसटले. चालू असताना! मेंढीच्या मानेपासून चार बोटांवर. दांडीला लोंबकळत, वेड्यासारखी फडफडत राहिले, कुणी तरी दोरी ओढून मोटार बंद करेपर्यंत. ब्रॉननं मला फडक्यात गुंडाळलं.

मनगटातलं एक छोटं हाड मोडलेलं होतं, काजूएवढं. दोन महिने मोडकंच राहिलेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून दुसरीकडच्या हाडाचा तुकडा तिथे बसवायचा. आजपासून तीन महिन्यांच्या आत. नंतर ते हाड मरेल, मग हा हात चहाचा कप उचलेल, कातर नाही. सरकारी दवाखान्यात हे फुकट होतं, पण नंबर लागायला वर्ष जाणार होतं. खासगीत नऊ हजार दोनशे डॉलर. ब्रॉनच्या खात्यात बारा हजार होते.

म्हणजे प्रश्नच नव्हता! मी टेबलावरून ऐकत होते. तिनं खासगी दवाखान्यात फोन लावला.

तिकडची बाई म्हणाली, "पाच आठवड्यांनंतरची तारीख आहे. पैसे आजच भरलेस तर तारीख पक्की करून टाकते."

"आज? पण काम तर पाच आठवड्यांनी."

"हो, पण बरेच जण आधीच भरतात. तुला नको असेल तर आदल्या दिवशीपर्यंत चालेल."

"काम झाल्यावर नाही चालणार?"

"अगं, इथे तुला झोपवणार आहेत. नंतर पैसे मागायला कुठे जाऊ?" ती बाई हसली.

"मग आदल्या दिवशी," ब्रॉन म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे बघून पुटपुटली, "अजून घंटासुद्धा वाजलेली नाही, आणि पैसे मागतात."

हीच ती चूक. चूक म्हणायलाही माझी जीभ, म्हणजे माझं पातं, अडखळतं. ज्या नेमानं तिला सचोटी शिकवली, त्या नेमानंच तिला बुडवलं.

दोन आठवड्यांनी ती सरकारी मदतीच्या कचेरीत गेली. काम नसलेल्याला, आजाऱ्याला दर पंधरवड्याला पैसे मिळतात, ते घ्यायला. शेजारच्या दुकानात मला तेलपाणी करायला टाकायचं म्हणून मीही पिशवीत होते. टेबलापलीकडे लीअँडा नावाची बाई होती. तिच्या अंगात लोकरीचा जाड स्वेटर.

"एकटी आहेस?"

"एकटी. एक कुत्रा आहे."

"कुत्रा धरत नाहीत. बँकेत किती?"

"बारा हजार. वर थोडे सुटे." ब्रॉन सगळं खरं सांगते. तिला दुसरं काही येतच नाही.

लीअँडाची कीबोर्डवरची बोटं थांबली. "मग थांबावं लागेल गं. साडेपाच हजारांच्या वर जेवढे आहेत, त्यातल्या दर पाचशेला एक आठवडा. तुझे तेरा आठवडे होतात."

"तेरा आठवडे काही नाही?"

"काही नाही. तोवर साठवलेल्यांवर चालवायचं, असा हिशेब आहे."

"पण ते हाताचे आहेत. ऑपरेशनचे."

"दिलेस?"

"अजून नाही. आदल्या दिवशी देणार आहे."

"मग अजून तुझेच."

"आत्ता इथून फोन करून दिले तर?"

"अर्ज आज आला. मोजणी आजची."

"आणि काल दिले असते तर?"

लीअँडानं खुर्ची मागे सरकवली. "काल दिले असतेस, तर आपण हे बोलतच नसतो. या पंधरवड्यापासून सुरू झाले असते." मग आवाज उतरवून म्हणाली, "हे बघ, टाळता न येणाऱ्या खर्चात पैसे गेले आणि हातात खरंच काही उरलं नाही, तर पावत्या घेऊन ये. उरलेले आठवडे माफ होऊ शकतात. मी शब्द देत नाही. पण ये."

आधी रिकामी हो, मग ये! माझ्यासारख्या निर्जीव वस्तूलाही कळतं, की तेरा आठवडे घरभाडं आणि पोट साठवलेल्यांतून भरलं, तर ऑपरेशनला पुरेसे उरत नाहीत. ऑपरेशन नाही, तर हात नाही. हात नाही, तर काम नाही. मग ही बाई जन्मभर त्याच टेबलापुढे येऊन बसणार आणि जन्मभर तिला तेच पैसे द्यावे लागणार. हे एका कातरीला दिसतं, नियम लिहिणाऱ्याला का दिसत नाही?

दुसऱ्या दिवशी नोरीन आली. टोळीचा स्वयंपाक तीच करते. मटणाचं पातेलं ओट्यावर आपटून म्हणाली, "तुला उडवायला काय झालं होतं पैसे? स्कॉटीला बघ. काम सुटलं, अर्ज केला, लगेच पैसे सुरू. त्याची बोट कुणी मोजली? ती काय रोकड नाही!"

"मला बोट नको होती, नोरीन."

"बोट कुणालाच नको असते. तेच तर म्हणतेय. जी बाई जपून राहते तिला शिक्षा, आणि तो गधडा बोटीत बसून बिअर पितोय. अंगणात!"

ब्रॉन हसली. डाव्या हातानं जेवताना सांडत होती, तरी हसली.

नोरीन गेल्यावर ती खूप वेळ खिडकीशी उभी राहिली. दोनच वाटा होत्या. पैसे राखायचे आणि हात जाऊ द्यायचा. नाही तर पैसे देऊन टाकायचे आणि उरलेल्या अडीच-तीन हजारांत, बांधलेल्या हातानं, कचेरी दया दाखवेल या भरवशावर जगायचं. तिनं मर्व्हला फोन लावला.

"काका, मी कामाच्या आधी पैसे देतेय."

पलीकडून मर्व्हचा घोगरा आवाज. "कुणाला?"

"डॉक्टरला. सगळे. आत्ता. आता थांबून फायदा काही नाही, पण घरात राहिले तर भाड्यात जातील."

"मग दे की. विचारतेस काय?"

"तुम्हीच शिकवलं होतं ना."

"मी तुला मेंढ्यांचं शिकवलं, गाढवे. हाडांचं कधी शिकवलं?"

तिनं पैसे भरले. अर्जानंतर तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. हात कोपरापर्यंत बांधून घरी आली, तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी समजून घेतलं.

सातव्या आठवड्यात पैसे संपले. भाडं दोन आठवड्यांचं राहिलं होतं. कुत्र्याला नोरीन घेऊन गेली. एका सकाळी ब्रॉननं मला फडक्यासकट पिशवीत टाकलं आणि मला कळलं, आपण दुकानात चाललोय. विकायला. मी ओरडू शकत नाही. वीज नसली की मी मुकी आहे.

आधी ती कचेरीत गेली. लीअँडाच होती. ब्रॉननं पावत्या मांडल्या. दवाखाना, भूल देणारा डॉक्टर, औषधं, भाडं.

"खात्यात?"

"एकशे चाळीस. आणि ही." तिनं मला टेबलावर ठेवलं. "आज विकतेय. तीनशे तरी येतील. तेही लिहून घ्या, नंतर लपवलं म्हणाल."

लीअँडानं माझ्याकडे बघितलं. "हे काय आहे?"

"माझी कातर. मी लोकर कातरते."

"हत्यार आहे ना कामाचं? ते मोजत नाहीत." तिनं मला दोन्ही हातांनी उचलून परत ब्रॉनपुढे सरकवलं. "विकलंस तर पैसे मोजावे लागतील. आणि तुला पुढे काम करायचं आहे ना? मग पिशवीत ठेव. मी ही पाहिलीच नाही."

तिनं अर्ज वर पाठवला. त्याला आता दोन आठवडे झाले. उत्तर नाही. ब्रॉन रोज पत्रपेटी उघडते, मग फोन, मग पुन्हा पत्रपेटी. मर्व्हनं पेन्शनमधून थोडं भाडं भरलंय आणि वर सांगितलंय, "परत दिलेस तर बघ."

वाचणाऱ्यांनो, मी नियमांच्या विरुद्ध नाही. ज्याच्याकडे भरपूर आहे त्यानं आधी आपलं वापरावं, हे मलाही पटतं. पण माझी एकच विनंती आहे. कुणाच्या साठवणीला हात घालण्याआधी ती किती आहे एवढंच विचारू नका, कशासाठी आहे तेही विचारा. कुणाची ती चैन असते, कुणाचं ते हाड असतं. आणि ज्यानं खरं सांगितलं, त्याला खरं सांगितल्याचा पश्चात्ताप होईल असं वागू नका.

काल तिच्या हाताचं प्लास्टर काढलं. हाड धरलंय म्हणाले. किती धरलंय ते हात वापरल्यावर कळणार.

आज सकाळी ती टेबलाशी आली, फडकं उलगडलं आणि उजव्या हातानं मला उचललं. हात बारीक झालाय, कातडी फिकी पडलीय, पण बोटं आपापल्या जागी बसली. अंगठा माझ्या पाठीवर टेकला. आयुष्यात पहिल्यांदाच मी स्थिर होते आणि हात थरथरत होता. ती मोजत होती. एक, दोन, तीन. नऊवर तिनं मला खाली ठेवलं, ओठ चावला आणि मनगट चोळत बसली.

पत्र येईल तेव्हा येईल. तेरातले चार आठवडे उरलेत, तेही जातील. ब्रॉन, नऊ झाले. पुन्हा उचल.