मंगळाच्या बरणीतले बुडबुडे

विज्ञान प्रदर्शनात मनस्विनीच्या टेबलावर लाल मुरमाच्या दोन बरण्या होत्या. एकीत बागेतला जिवंत मुरूम, दुसरीत कुकरमध्ये दहा शिट्ट्या देऊन मारलेला. हा तिचा मंगळ! दोन्हींत तिनं कालच साखरपाणी ओतलं होतं. जीव असेल तिथंच बुडबुडे येणार, एवढं दाखवलं की राज्यपातळीची निवड पक्की.

परीक्षक वैजनाथ सर शेजारच्या टेबलाशी पोचले आणि तिचं लक्ष बरण्यांकडं गेलं. मेलेल्या बरणीतही बुडबुडे उसळत होते!

“मंगळावर जीव सापडला म्हण की! लई टाळ्या पडतील,” वर्गातला हिमांशू कुजबुजला.

तेवढ्यात तिला आठवलं. साखरपाणी ढवळलेला चमचा तिनं आईच्या इडलीच्या पिठातून काढून नुसता पुसला होता.

“काय सापडलं, बाळ?” सर समोर उभे होते.

तिनं सांगूनच टाकलं, “आमच्या घरची इडली, सर. चमचा मी उकळलाच नव्हता.”

हिमांशूनं कपाळावर हात मारला. सर मात्र हसले नाहीत.

“मंगळावर यान पाठवणाऱ्यांनाही हीच धास्ती असते. नाव मिळवायची घाई केली, तर आपलेच जंतू तिथं नेऊन आपणच शोधून काढू. निकाल उद्या दुपारी आहे. जा, चमचा उकळ.”

मनस्विनी दप्तर तिथंच टाकून घराकडं पळत सुटली.