आखूड सोंडेचा कलदार

मित्रांनो, मी एक जुना कलदार आहे. कलदार म्हणजे इंग्रजांच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेला चांदीचा रुपया. माझा जन्म एकोणीसशे अकराचा. एका बाजूला मुकुट घातलेला दाढीवाला राजा पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला साल आणि वेलबुट्टी. परभणीकडे तेव्हा निजामाचा चारमिनारवाला रुपया चालायचा, पण बाजारात माझा तोरा वेगळाच होता. दोघं समोर ठेवले की व्यापारी आधी मला उचलायचे. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

एकाच गोष्टीनं घात केला. राजाच्या अंगरख्यावर, छातीशी, एक इवलासा हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना ते डुक्कर वाटलं. केवढा गहजब झाला! माझी लाखो भावंडं परत नेऊन वितळवली, आणि पुढच्या सालच्या रुपयांवर नीट लांब सोंड आली. मी मात्र निसटलो आणि हिंडत हिंडत परभणीकडच्या बोरी गावात, चन्नबसम्मा नावाच्या बाईच्या सासरी पोचलो.

तिथं माझी चैन होती. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात पहिला मान माझा. चन्नबसम्मा दाढीवाल्या राजाला हळदीकुंकू लावायची आणि मी ते ऐटीत मिरवायचो. होता होता कुंकवाखाली तो हत्ती पार बुजून गेला.

यंदा घरात पणतू जन्मला. लिंगायतांच्या घरी लेकराच्या गळ्यात इष्टलिंग, म्हणजे छोटंसं शिवलिंग, डबीत घालून बांधतात. त्याची डबी घरच्याच चांदीची हवी, असा चन्नबसम्माचा हट्ट. घरची चांदी म्हणजे मी! माझं तर धाबंच दणाणलं.

तिचा मुलगा बसवंतराव तिला आणि मला घेऊन परभणीला भागवत सोनाराकडे आला. भट्टी पेटलेलीच होती. पण भागवतनं साल वाचलं आणि थबकला. घासलं तर मोल उतरतं, म्हणून त्यानं मला नुसत्या पाण्यात बुडवलं, मऊ फडक्यानं टिपलं आणि भिंगाखाली धरलं. भोक नाही, गळ्यात घालायला कडी डाखून जोडलेली नाही, काठ शाबूत. मी अगदी फुगून गेलो. मग त्यानं सगळं सांगितलं: हा डुक्कर रुपया, याची भावंडं त्या सोंडेपायी भट्टीत गेली, आणि शौकीन लोक याला चांदीच्या कितीतरी पट मोल देतात.

बसवंतरावचं तोंड कडू झालं. इतकी वर्षं देवघरात डुक्कर पुजलं, आत्ताच्या आत्ता विकून टाका, असं तो म्हणू लागला.

चन्नबसम्मानं मला हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितलं.

"हत्तीच हाय की," ती म्हणाली. "सोंड आखूड हाय म्हणून कुणी लेकराला जाळतंय का? ह्यो इकायचा बी न्हाई अन् आटवायचा बी न्हाई."

मग तिनं दंडातली चांदीची वाकी काढायला घेतली. लग्नातली वाकी ती, निघता निघेना. शेवटी भागवतनं साबणाचं पाणी आणून दिलं. डबी त्या वाकीची झाली.

मित्रांनो, घरात जुनं नाणं असेल तर त्याला राखेनं किंवा चिंचेनं घासू नका, कडी डाखू नका. आधी साल बघा, मग राजाचा चेहरा, मग त्याचा अंगरखा. नीट वेळ काढून बघा. माझं मोल सांगणारे यापुढंही भेटतील. पण शंभराहून अधिक वर्षांत मला हत्ती म्हणणारं एकच माणूस भेटलं, आणि ते बोरीचं आहे.