पुन्हा विचारण्याचा अधिकार

सुज्ञ वाचकांपुढे मी येथे एका स्त्रीच्या आयुष्यातील एका दुपारची हकिकत नम्रपणे ठेवीत आहे. ही स्त्री बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे बसत असे. वर्षानुवर्षे तिने लोकांना उत्तरे दिली. स्वतःचा एक प्रश्न विचारायला मात्र ती कचरत राहिली. हकिकतीत एका अजाण जिवाचा मृत्यू आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांची अशी जखम अद्याप ओली असेल त्यांनी सावकाश वाचावे. परंतु हकिकत त्या मृत्यूपाशी थांबत नाही, हेही त्याच दमात सांगणे माझे कर्तव्य आहे.

"ताई, नदीपलीकडची गाडी लागली का हो?"

"नाही आजी. लागली की माइकवर पुकारते. मघाशीच सांगितलं ना?"

"सांगितलंत. पण मला कमी ऐकू येतं."

"बसा तिकडे बाकावर. मी आहे ना इथे."

आजी काठी टेकीत बाकाकडे गेल्या. खिडकीच्या काचेला खाली एक अर्धगोल भोक होते. प्रत्येक जण वाकून त्या भोकात तोंड घालून प्रश्न विचारी आणि उत्तर येण्याच्या वेळी नेमके तोंड बाहेर काढी, सबब प्रत्येक उत्तर दोनदा द्यावे लागे. स्थानकातले सगळे तिला 'चौकशी' म्हणत. "चौकशी, चहा सांगू का?" "चौकशी, आज रजा नाही का?" तिचा नवरा बेकरीच्या भट्टीवर कामाला होता. तो म्हणे, "ही झोपेतसुद्धा फलाटाचा नंबर सांगते. कुशीवर वळलो की म्हणते, मागे व्हा, गाडी मागे येतेय."

त्या दिवशी मात्र चौकशीचे लक्ष उत्तरांत नव्हते. तिला नववा महिना लागायला थोडेच दिवस राहिले होते आणि पोटातले बाळ सकाळपासून गप्प होते. एरवी ती माइक हाती घेई तोच आतून ढुशी बसे, जणू आतल्या प्रवाशालाही गाडी गाठायची घाई आहे. आज तिने कितीतरी गाड्या पुकारल्या. आत हालचाल नाही. गार पाणी पिऊन झाले, गोड खाऊन झाले, मागच्या खोलीत डाव्या कुशीवर पडून झाले. एकदा काहीतरी हलल्यासारखे वाटले. पण ते बाळ होते की तिचीच आशा, हे तिला ठरवता येईना.

येथे तीन वर्षांमागची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पहिल्या वेळीही बाळ असेच एका दिवशी गप्प झाले होते. घरात पाहुणे होते. उगाच बाऊ करते असे कोणी म्हणू नये, म्हणून ती गप्प राहिली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. तेथील डॉक्टरीणबाई बराच वेळ यंत्र फिरवीत राहिल्या आणि शेवटी त्यांनी तिचा हात हातात घेतला. माता आणि बालक यांच्यामध्ये नाळ हा एकच रस्ता असतो. त्या रस्त्यावर गाठ बसली होती, आणि ती आवळत गेली होती. "यात तुमचा दोष नाही," असे डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितले. परंतु दोष शोधणारे नातेवाईक पुष्कळ निघाले. ती बस स्थानकावर सामानाच्या दोऱ्या ओलांडते, असे एकीने काढले. सासूबाईंचे मत निराळे होते. हात उंच करून दोरीवर कपडे वाळत घातले की नाळेचा वेढा बसतो, असे त्यांच्या मनाने घेतले होते. त्या तोंडाने फारसे बोलल्या नाहीत. परंतु या खेपेस दिवस गेल्याचे कळताच त्यांनी कपड्यांची बादली सुनेच्या हातून काढून घेतली ती घेतलीच. गुडघे दुखत असताना स्टुलावर चढून त्या सगळ्यांचे कपडे वाळत घालीत. गेलेल्या बाळाचा विषय घरात कोणी काढत नसे. कोणी विचारले तर सासूबाई "आमच्याकडे अजून काही नाही," एवढेच म्हणत आणि आत निघून जात.

या खेपेस मात्र चौकशी जराशी शंका आली की दवाखाना गाठी. दर वेळी बाळाचे ठोके व्यवस्थित निघाले. परवा गेली तेव्हा दारावरचा वॉर्डबॉय म्हणाला, "आलात का परत? इथेच एक खाट टाकून ठेवू का तुमची?" बाकावरच्या बायका हसल्या. तीही हसली. घरी येऊन मात्र ती रडली.

दुपारी टेबलावरचा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"जेवलीस का गं?"

"जेवले. आई, बाळ आज गप्प आहे."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"झोपलं असेल. दिवसभर तुझी बडबड ऐकून दमलं असेल बिचारं."

"जाऊन येऊ का?"

"परवाच तर गेली होतीस. त्या बाकावरच्या बायका पुन्हा हसतील, आणि तू रात्रभर उशीत तोंड खुपसून रडशील. संध्याकाळपर्यंत बघ की जरा."

हे बोलणे निष्ठुरपणाचे नव्हते. उत्तर ऐकण्याची भीती सुनेपेक्षा सासूलाच अधिक होती, आणि भ्यालेला माणूस प्रश्न पुढे ढकलतो.

"बरं," असे म्हणून तिने फोन ठेवला. मान वर केली, तर भोकातून पुन्हा तेच तोंड.

"ताई, नदीपलीकडची लागली का हो?"

आणि चौकशीचा तोल गेला. "आजी, तेच तेच किती वेळा विचारता? मला दुसरी कामं नाहीत का?"

रांगेतला एक जाडगेला प्रवासी खो खो हसला. "आजी, असं करा, आतच एक खुर्ची मागून घ्या. म्हणजे येण्याजाण्याचा त्रास नको."

रांग हसली. हे हसू चौकशीच्या ओळखीचे होते.

आजी तसूभरही हलल्या नाहीत. त्यांनी काठी काचेला टेकवली.

"विचारणारच मी. गाडी चुकली तर तुम्ही आपापल्या घरी जाल, इथे मी राहीन. तुम्ही हसा, त्या चिडू देत. पण मला सांगा, लागली का?"

चौकशी त्यांच्याकडे पाहतच राहिली. लाज नाही, राग नाही. ज्याची गाडी त्याने विचारायचे, इतका सरळ तो हिशेब होता. इतकी वर्षे या खिडकीमागे बसून तो तिला उमगला नव्हता. तिने माइक बंद केला, खिडकीवर पाटी लावली आणि दोन्ही हातांनी टेबलाला रेटा देत ती उठली.

"अहो बाई, रांग आहे इथे!" जाडगेला ओरडला.

"दिसतेय. शेजारच्या खिडकीत विचारा. आणि नाही कळलं तर पुन्हा विचारा."

बाहेर येऊन तिने आजींचा दंड धरला. त्यांची गाडी नुकतीच वळण घेत आत येत होती. "यांना पुढच्या सीटवर बसवा," असे तिने कंडक्टरला सांगितले आणि नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मी दवाखान्यात चाललेय. तुम्ही तिकडेच या."

"का गं? काय झालं?"

"काही झालं नसेलही. तरी चाललेय."

दवाखान्याच्या दारात तोच वॉर्डबॉय उभा होता. त्याने तोंड उघडले, "काय ताई, पर..."

"हो, परत! सकाळपासून बाळ हलत नाही. सिस्टरना बोलवा. आत्ता!"

हा तिचा माइकवरचा आवाज होता. फरक इतकाच की माइक नव्हता. सारा व्हरांडा वळून पाहू लागला. वॉर्डबॉयच्या पायांत वारे शिरले.

सिस्टर वयस्क होत्या. त्यांनी पोटावर पट्टे बांधले आणि यंत्र चालू केले. ठोके ऐकू आले! चौकशीने डोळे मिटले. परंतु जरा वेळाने ते ठोके चढावर लागलेल्या गाडीसारखे मंदावले, मग सावरले, मग पुन्हा मंदावले. सिस्टरांच्या कपाळावर आठी उमटली.

"डॉक्टरांना सांगते. बाळाला आत्ताच बाहेर काढावं लागेल बहुतेक."

"सिस्टर, मी सारखी येते ना... मला वाटलं..."

"शंभरदा या. नव्व्याण्णव वेळा घरी पाठवायला मला आनंदच आहे. चला, हात द्या."

नवरा धावत आला तेव्हा कोपरापर्यंत पिठाने माखला होता. पाठोपाठ सासूबाई आल्या, दोन पायांत दोन निरनिराळ्या चपला. दोघे शस्त्रक्रियेच्या खोलीच्या बंद दारापुढे उभे राहिले. बऱ्याच वेळाने आतून रडण्याचा आवाज आला, आधी बारीक, मग चांगलाच खणखणीत.

"आईवर गेलंय," नवरा म्हणाला आणि पिठाच्या हातांनीच त्याने तोंड झाकून घेतले.

सिस्टर बाहेर आल्या. "मुलगी. वजनाला जरा कमी आहे, पण ठीक आहे. नाळेचा मानेला दुहेरी वेढा होता. वेढा पुष्कळ बाळांना असतो, सोडवला की झालं. हा मात्र ताणला जात होता. आजच आलात ते फार बरं केलंत."

सासूबाई गोंधळल्या. "वेढा कसा? सिस्टर, सगळे महिने कपडे मी वाळत घातलेत. हिला हात वर करू दिला नाही."

सिस्टर हसल्या, पण त्या हसण्यात टोचणी नव्हती. "आजी, बाळ आत कोलांट्या मारतं आणि आपणच वेढा घेतं. तुमच्या कपड्यांशी त्याचा काडीचा संबंध नाही."

"म्हणजे... मागच्या वेळी..."

"मागच्या वेळीही नाही."

सासूबाई भिंतीला धरून बाकावर बसल्या. तीन वर्षे मनात जपलेला आरोप असा उभ्या उभ्या निकालात निघाला आणि तो कोणावर ठेवला होता, हे त्यांना ठाऊक होते.

वजन कमी म्हणून वेगळे ठेवलेले बाळ दोन दिवसांनी आईच्या कुशीत आले. वॉर्डमध्ये खाटेला खाट लागलेली होती. शेजारच्या खाटेवरील बाईची बहीण कौतुकाने वाकून म्हणाली, "काय गोड आहे हो! पहिलीच का?"

चौकशीने ओठ उघडले. हा प्रश्न येणार हे तिला माहीत होते. उत्तर मात्र तिने कधी ठरवले नव्हते. तेवढ्यात पायथ्याशी दुपट्याची घडी करीत असलेल्या सासूबाई बोलल्या.

"नाही हो. ही धाकटी. थोरली आमची राहिली नाही."

सासूबाईंनी दुपटे सुनेच्या पायांवर पसरले, नीट केलेले पुन्हा एकदा नीट केले. सुनेने पाय जरा आखडून घेतले आणि खाटेच्या कडेला त्यांना बसण्यापुरती जागा करून दिली.

येथे ही हकिकत पूर्ण होते. माझे शिक्षण बेताचे असल्याने भाषेत काही उणे राहिले असल्यास वाचकांनी उदार मनाने सांभाळून घ्यावे. आपण आपला वेळ या अपरिचित स्त्रीसाठी खर्च केलात, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
केरबा सखाराम लोहार