आवडाबाईचा बफे

बाराशे माणूस जेवायला येणार हे ठरलं तेव्हा आवडाबाई घाबरली नाही. बजाजनगरजवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. जेवणाच्या एका सुट्टीत सहाशे कामगार जेवून उठायचे, तेही पस्तीस मिनिटांत. तिच्या लेखी बाराशे म्हणजे दोन सुट्ट्या. घाबरला तो तिचा नवरा रामकिसन, आणि तोही माणसांच्या आकड्याला नव्हे, थोरल्या भावाला.

थोरला भाऊ म्हणजे काकासाहेब. खुलताबादजवळ बागाईत जमीन, शहरात दोन प्लॉट, दारात जीप. आवडाबाईच्या एकुलत्या एका पोराचं, कडूबाचं लग्न ठरलं तशी ती जीप त्यांच्या दोन खोल्यांपुढं येऊन उभी राहिली. काकासाहेबांनी खुर्ची ओढून घेतली, चहा बशीत ओतला आणि सांगून टाकलं, "लग्न पोरीकडच्यांच्या दारात होऊ द्या. रिसेप्शन मात्र लॉनवर. केटरिंगवाला माझ्या वळखीचा हाय, बावीस काउंटर लावतो. अन् खर्च पोरीच्या बापानं करायचा. रीतच हाय तशी."

पोरीचा बाप बद्रीनाथ गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात नोकरीला होता. दिवसभर गिऱ्हाइकापुढं साड्या उलगडायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा घड्या घालायच्या, हे त्याचं काम. नवरी द्वारकेच्या पाठीवर त्याला अजून दोन मुली होत्या.

आवडाबाई आतल्या दारात उभी होती. भायासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तिनं आजवर तोंड उघडलेलं नव्हतं. काकासाहेब बोलत होते आणि रामकिसन मान हलवत होता. ती मान चौथ्यांदा हलली तेव्हा डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती बाहेर आली.

"रीत आसंल, भावजी. पण पाव्हण्यांना आवतण आम्ही देणार, तर जेवूबी आम्हीच घालणार. बद्रीनाथभाऊंकडून मी नारळ घेईन अन् पोरगी घेईन. दुसरं काय नाय."

"तुम्ही? बाराशे लोकांला?" काकासाहेब भावाकडं बघून हसले. "काय घालणार? कॅन्टीनची आमटी?"

"व्हय," आवडाबाई म्हणाली. "आमटीच."

जीप गेल्यावर रामकिसन चहाच्या बशा उचलून आत आला. मग म्हणाला, "दादाला आसं तोंडावर बोलायला नको व्हतं." तोंडातून आमटी निघून गेली होती, आणि आता ती शिजवायची कशी याचाच विचार आवडाबाई करत होती.

बावीस काउंटर तिनं बघितले होते. गेल्या वर्षी काकासाहेबांच्या मुलीच्या लग्नात. नूडल्स, चाट, तीन तऱ्हेचं पनीर, दोन तऱ्हेचे डोसे. पुन्हा रांगेत शिरायला मिळेल का नाही या धास्तीनं लोकांनी सगळं एकाच ताटात रचलं होतं. तिची चुलत सासू सारजाबाई, पंच्याहत्तरीची म्हातारी, एका हातात ताट अन् एका हातात काठी घेऊन बसायला जागा शोधत राहिली आणि शेवटी तसंच ताट ठेवून निघून गेली. आवडाबाई हात धुवायला मंडपामागं गेली तर तिथं उष्ट्याची टिपाडं भरून वाहत होती. वरच पडलेले अख्खे गुलाबजाम, न मोडलेली पोळी. रोज सहाशे माणसांसाठी कणीक मळणाऱ्या बाईला ते बघवलं नाही. तिला तेव्हा नुसता राग आला होता. तो राग वर्षभर तसाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी भांडी घासून झाल्यावर ती कॅन्टीनच्या ओट्यावर बिल्किसजवळ बसली. बिल्किस पुऱ्या लाटायला आणि तळायला एक नंबरची. दोघी एकाच वर्षी कामाला लागल्या होत्या.

"बावीस चीजा कायको रे बाबा?" बिल्किस म्हणाली. "माणसाला पोट तर एकच अस्तंय."

"सहा," आवडाबाई म्हणाली. "पुरी, वांग्याचा रस्सा, येसरची आमटी, भात, जिलेबी अन् मठ्ठा. पण सगळं गरम. अन् शेवटच्या माणसालाबी तेच, जे पहिल्याला."

प्रत्येक गोष्टीला तिच्याकडं कारण होतं. फेब्रुवारीत वांगी स्वस्त आणि कोवळी. पोळ्या बाराशेंना लाटायच्या तर पंचवीस बाया लागतील. पुऱ्या चार कढयांवर सहा बाया तळून काढतील. येसर तर मराठवाड्यातल्या लग्नाची जुनीच वस्तू. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, सगळं खरपूस भाजून दळून ठेवलं की महिनाभर बिघडत नाही, आणि माणसं वाढली तर आमटी वाढवताही येते, चव न सोडता. मुख्य म्हणजे बफेचं गणित तिला पाठ होतं. लोक खातात किती यापेक्षा लोक थांबतात किती यावर सगळं असतं. थांबलेला माणूस ताट भरून घेतो. म्हणून सहा टेबलं मांडायची, सहाही टेबलांवर तेच सहा पदार्थ, आणि दोन्ही बाजूंनी रांग.

"जिलेबीपाशी एक कडक बाई उभी करू," बिल्किस म्हणाली. "दोनच वाढायच्या."

"मोजून वाढायचं नाय. मोजलं की माणूस चार जास्त मागतो. हातानं घेऊ दे."

"अन् बुड्ढे लोगां?"

"त्यांना सतरंजीवर बसवू. पत्रावळीवर आपण वाढू. ताट घिऊन कुणी म्हातारं उभं राहायचं नाय माझ्या मंडपात."

बिल्किसचा भाऊ गयास मंडप आणि मोठी भांडी भाड्यानं द्यायचा. त्यानं कॉलनीच्या मैदानावर कापड कुठून कुठं ताणायचं ते पावलांनी मोजलं, दुपारचं ऊन कुठून येईल ते बघितलं आणि सहा टेबलांसाठी फरशीच्या दगडानं खुणा केल्या. लग्नाच्या आधी दोन आठवडे गल्लीतल्या बाया आवडाबाईच्या दारात येसर भाजायला बसल्या. तो वास दोन गल्ल्या पलीकडं गेला. बद्रीनाथ एकदा येऊन गेला, हातात पाकीट होतं. "ताई, माझ्याकडनं थोडं तरी," म्हणाला. आवडाबाईनं पाकिटाला हात लावला नाही. "भाऊ, तुमी पुऱ्यांपाशी उभं राहा. माणसांशी गोड बोलायला मला येत नाय. तुमचं तर कामच ते हाय."

बद्रीनाथ हसला, पहिल्यांदाच.

लग्न पोरीच्या दारात लागलं, आणि रविवारी दुपारी बारा वाजता मैदानावर पहिलं ताट वाढलं गेलं. पहाटे चारपासून आवडाबाई पायावर होती. वांगी चिरून झाली, चुलाणावर भगोणी चढली, बिल्किसच्या कढईत पहिली पुरी टम्म फुगली, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. कडूबा आणि द्वारका खुर्च्यांवर बसून नमस्कार घेत होते. रांगा सरकत होत्या. खरंच सरकत होत्या. ताटात माणसं चार पुऱ्या घेत, खात, पुन्हा येत. उष्ट्याच्या टिपाडात तिनं मुद्दाम डोकावून बघितलं. तळ दिसत होता. सारजाबाई सतरंजीवर मांडी घालून आमटीत भात कालवत होती, आणि काठी तिनं बाजूला टाकली होती.

साडेबाराच्या सुमाराला मैदानाच्या कोपऱ्यात एक टेम्पो येऊन लागला. पांढरे कपडे घातलेली सहा-सात माणसं उतरली. त्यांनी बांबू रोवले, लाल मखमली पडदा चौफेर लावला, आत टेबलं मांडली. चाट, नूडल्स, पनीर, आइस्क्रीम. पडद्याच्या तोंडाशी एक माणूस हात मागं बांधून उभा राहिला. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. गयास धावत कढयांपाशी आला.

"भाभी, काकासाहेबांनी आणलंय. बोलतेत, खास पाव्हण्यांसाठी."

आवडाबाईनं झारा खाली ठेवला आणि तिकडं चालू लागली. अर्ध्या वाटेवर असतानाच तिनं ते बघितलं. कुणीतरी पाव्हण्यानं बद्रीनाथचा हात धरून 'चला, आत बसा' म्हणत त्याला पडद्यापाशी आणलं होतं, आणि तिथल्या माणसानं त्याच्या सुती सदऱ्याकडं बघून हात आडवा केला होता. "आपलं तिकडं, काका. हे व्हीआयपी."

बद्रीनाथ मागं सरला. त्याला काही वाटलं नाही असं दाखवत तो हसला, आणि ते हसू बघून आवडाबाईच्या अंगाची लाही झाली.

"पडदा काढा," ती म्हणाली.

काकासाहेब आतून बाहेर आले. फेटा बांधलेला, कपाळावर गंध. "काय झालं?"

"नवरीच्या बापाला माझ्या मंडपात आडवलं. पडदा काढा, भावजी."

"आवडाबाई, हळू बोला. बाजार समितीचे सभापती येणारेत. त्यांना काय तुमच्या रांगेत उभं करू? माझ्या इज्जतीचा सवाल हाय."

"सभापतींला भूक येगळी लागती का?"

आजूबाजूची माणसं जेवता जेवता थांबली. रामकिसन येऊन दोघांच्या मधे उभा राहिला. बायकोकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आणि खाली बघितलं.

"ऐका," काकासाहेबांचा आवाज खाली आला. त्यांचा आवाज खाली आला की घरात सगळे गप्प व्हायचे. "हा पडदा निघाला तर मी निघालो. अन् माझी चारशे माणसंबी निघाली. मग बसा तुमची भगोणी घिऊन."

चारशे माणसांचं शिजवलेलं अन्न म्हणजे काय हे आवडाबाईइतकं त्या मैदानावर कुणालाच ठाऊक नव्हतं. भावकीत उद्या काय बोललं जाईल, रामकिसन घरात कसा वागेल, तेही ठाऊक होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो अजून खालीच बघत होता.

"जा," ती म्हणाली. "पण त्यांना इचारून न्या. जेवत्या माणसाला हाताला धरून उठवू नका. अन् सांगा त्यांना की माझ्याकडं व्हीआयपी कुणी नाय. जेवायला आला तो पाव्हणा."

काकासाहेबांनी मंडपाकडं तोंड करून हाक दिली, "चला रे! निघायचंय!"

माणसं एकमेकांकडं बघू लागली. कुणाच्या तोंडात घास होता, कुणाच्या हातात जिलेबी. पुढची काही उठली. मग अजून काही. आवडाबाई मोजत नव्हती, पण तिच्या डोळ्यांना सवय होती. चाळीस-बेचाळीस उठली असतील. बाकीची खाली मान घालून जेवत राहिली. एकजण तर पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

रामकिसन भावाच्या मागं धावला. "दादा, आसं नका करू," म्हणत जीपपर्यंत गेला. जीपमध्ये काकासाहेबांची बायको, आवडाबाईची थोरली जाऊ लक्ष्मीबाई, मागच्या सीटवर चढत होती. एक पाय आत, एक बाहेर. तिनं तो आतला पायही बाहेर काढला.

"बसा," काकासाहेब म्हणाले.

"तुमी व्हा पुढं," लक्ष्मीबाई म्हणाली. "मी अजून जेवले नाय. पोराचं लग्न हाय माझ्या. उपाशी जाऊ का?"

"परत कशी येणार?"

"यष्टी हाय की."

जीप धूळ उडवत निघून गेली. टेम्पोवाले काही वेळ घुटमळले, मग त्यांनीही सामान भरलं. घाईत लाल पडदा तेवढा राहिला. गयासनं तो सोडला, झटकला आणि सारजाबाईच्या बाजूला जमिनीवर अंथरला, कारण बसणारे वाढले होते. मग सभापती आले. आत काय झालं याचा त्यांना पत्ता नव्हता. बद्रीनाथनं हात जोडून त्यांना रांगेत आणलं, पुरीवर पुरी वाढली, साडीच्या दुकानात बोलावं तसं गोड बोलून आमटीची दुसरी वाटी घ्यायला लावली. काकासाहेब कुठं दिसत नाहीत म्हणून त्यांनी एकदा विचारलं आणि मठ्ठा पिऊन निघून गेले.

अडीचला जिलेबी संपली. शेवटच्या शंभरेक माणसांना ती मिळाली नाही आणि आवडाबाईला ते लागलं. शेवटच्यालाही पहिल्याइतकंच, असं ती बोलली होती. रविवारीही चालू असलेल्या कंपन्यांची पहिली पाळी तीन वाजता सुटली. तिनं गेटवर निरोप धाडला. डबे हलवत माणसं आली, अंगावर तेलाचे डाग तसेच, आणि उठून गेलेल्यांचा वाटा त्यांनी पुसून खाल्ला. द्वारका नवरीच्या साडीत खुर्चीवरून उठली आणि कुणी काही म्हणायच्या आत भाताचं पातेलं घेऊन त्यांना वाढू लागली.

लक्ष्मीबाई आवडाबाईबरोबर शेवटी जेवायला बसली. दोघी पालथ्या भगोण्यांवर बसल्या होत्या. खालच्या आवाजात लक्ष्मीबाई म्हणाली, "बाविसातलं मी एकबी खाल्लं नव्हतं, ठावं हाय? माझ्याच पोरीच्या लग्नात. पाव्हण्यांमागं पळण्यात दिवस गेला."

"अक्का, घरी गेल्यावर?"

"बोलतील. बोलू दे." लक्ष्मीबाईनं बोटं चाटली. "तू दोन वर्षं काय येऊ नको आमच्याकडं. मी येत जाईन."

तिला एसटीवर बसवून कडूबा परतला तेव्हा उन्हं उतरली होती. मैदानावर फक्त भांडी उरली होती. आवडाबाई नि बिल्किस राख घेऊन बसल्या होत्या. रामकिसन येऊन बायकोजवळ उभा राहिला, मग खाली बसला, एक कढई ओढून घेतली आणि घासायला लागला. घासता घासता म्हणाला, "दादाला फोन करू का?"

"करा की. भाऊ हाय तुमचा," आवडाबाई म्हणाली. "सत्यनारायणाच्या पूजेला बोलवा. पण माफी मागायची नाय."

रामकिसननं राखेचे हात धोतराला पुसले आणि मोबाईल काढला. घंटी वाजत राहिली. पलीकडून कुणी उचलला नाही. त्यानं पुन्हा लावला.