तीनदा भरलेली ओटी

भामाबाईनं लग्न झालेल्या लेकीची ओटी भरून तिला तीनदा सासरी पाठवली, आणि तिन्ही वेळा लेकीच्या पाठीवर वळ होते. आता बोला!

माणसं पाटणची. लेक अंकिता सांगलीत दिलेली. नवरा मारायचा, ती माहेरी यायची. आठ दिवस हळदीचा लेप लावायचा, मग खण-नारळ पदरात घालून "नांद गं बाई" म्हणत एसटीत बसवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय? चौथ्या खेपेला अंकिता सहा वर्षांच्या राजनंदिनीला घेऊन आली ती आलीच. मग नवऱ्यानं सांगलीच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज ठोकला. मारहाण सगळी खोटी, बायको डोक्यानं तापट, पोर माझ्या ताब्यात द्या.

भामाबाईची साक्ष लागली. दीर दादासोनं पढवलं, "वैनी, वळ ह्याच खेपेला बघितलं म्हना. न्हाईतर वकील इचारंल, दिसत हुतं तर धाडली कशी? पोर जाईल हातची."

कोर्टात बायकांना आधार द्यायला एका संस्थेची दीपाली नावाची बाई बसायची. ती म्हणाली, "मावशी, झालं तेच सांगा."

म्हणायला काय जातंय! चारचौघांत आपल्याच तोंडाला काळं फासायचं, आणि त्यापायी नात गेली तर? भामाबाईला दोन रात्री घास गोड लागला नाही.

साक्षीच्या दिवशी नवऱ्याचा वकील गोड आवाजात म्हणाला, "मुलगी याआधी कधी माहेरी आली होती?"

भामाबाईनं अंकिताकडं बघितलं. ती मान खाली घालून बसली होती. एसटीत बसवताना अशीच बसायची.

"तीनदा," भामाबाई म्हणाली. "तिन्ही वेळा वळ हुतं. मीच शेकलं."

"आणि तरी आईनं परत पाठवली?"

"पाठवली. ओटी भरून पाठवली. आवं साहेब, आमच्याकडं लेक चार दिस जास्त ऱ्हायली की शेजारीण इचारती, कवा जानार? त्येला भ्याले मी. पोरीची पाठ दिसत असून भ्याले. माझं चुकलं, तेबी लिवा. पर नातीला मी धाडनार न्हाई."

न्यायाधीश बाईंनी तेही लिहून घ्यायला सांगितलं.

महिन्यानं निकाल लागला. राजनंदिनी आईकडंच राहणार, बापानं भेटायचं तर कोर्टातच, लोकांदेखत. न्यायाधीश बाईंनी लिहिलं होतं की, आजीनं स्वतःची चूक लपवली नाही, म्हणून तिचा बाकीचा शब्दही खरा मानला. दीपालीनं ते दोनदा वाचून दाखवलं. भामाबाईचा जीव भांड्यात पडला. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

अंकिता राजनंदिनीला घेऊन शेजारी टेकली.

"आई, तुझा लय राग हुता मला. त्येच्यापरीस तुझा जास्त."

"ठाव हाय मला." भामाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "अजून हाय?"

अंकितानं खरंच विचार केला. आईनं एवढं खरं बोलून दाखवल्यावर खोटं बोलणं तिला जमेना.

"हाय थोडा," ती म्हणाली. "पर आता भूक लय लागलीया."

भामाबाई हसली, हसता हसता रडली, आणि नातीचा हात धरून कोर्टासमोरच्या गाड्याकडं निघाली. अंकितानं राजनंदिनीचा दुसरा हात धरला.