ग्वासिमोला यमक मिळेना

ग्वासिमोच्या डोंगरावर चाळीस घरं होती, एक छोटं चर्च होतं आणि एक कवयित्री होती. पाणी तेवढं नव्हतं. ते खाली ओढ्याला, आणि ओढा उन्हाळ्यात स्वतःच तहानलेला.

कवयित्रीचं नाव एनेइदा. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. दिवसभर अंगणात बसून ती वाळक्या पातींच्या टोप्या विणायची, आणि हात चालू असताना मनात दहा ओळींची कवनं जुळवायची. विषय ठरलेले: मरण, तहान, गरिबाचं नशीब आणि देवाचा विसराळूपणा. आवाज मात्र तिचा असा की कोंबड्या परसात पळायच्या. म्हणून गायचं काम शेजारच्या दीदिमोचं. त्याचा गळा मधासारखा, आणि आपण काय गातोय याच्याशी त्याला काडीचंही घेणंदेणं नसायचं. एनेइदाच्या मते गवई असाच असावा. मध्ये अक्कल चालवत नाही.

त्या वर्षी प्रांताच्या जत्रेला पनामा शहरातून उपमंत्री येणार होते. एनेइदाने ठरवलं, पाण्याचं गाणं त्यांच्या कानावर घालायचंच. सहा ओळी एका सकाळीत झाल्या. शेवटच्या चार ओळींपाशी गाडं अडलं. ग्वासिमोला यमक मिळेना. तीन दिवस ती पुटपुटत होती. टोपीची एक बाजू वाकडी विणली गेली, डाळ करपली.

चौथ्या दिवशी तिने दीदिमोला हाक मारली. "ऐक रे."

जन्मलो तेव्हा ओले होतो,
नंतर कोरडे सालोसाल;
मेल्यावर तरी न्हाऊ घाला,
तहानेने मेलं कोरोसाल.

दीदिमोने मान डोलावली. मग जन्मात पहिल्यांदाच त्याला शंका आली. "पण कोरोसाल तर खालचं गाव. त्यांच्याकडे नळ आहे की."

"सालोसालला कोरोसालच बसतं. ग्वासिमो कुठे बसवू, तुझ्या डोक्यावर?"

"मंत्र्याला कळेल ना?"

"अरे, ते कवितेतलं कोरोसाल. शहाण्या माणसाला भाव कळतो!"

जत्रेत दीदिमोने मेहोरानाच्या पाच तारा छेडल्या आणि असा काही गायला की सरबतवाल्याने बर्फ किसणं थांबवलं. उपमंत्र्यांनी रुमाल काढला. शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "हा अन्याय आहे. लिहून घ्या." अधिकाऱ्याने लिहून घेतलं. एनेइदा मागच्या रांगेत बसून हुंदके देत होती. स्वतःच्या कवितेवर ती नेहमीच रडायची.

दोन महिन्यांनी पाइप भरलेले तीन ट्रक घाट चढून आले. ग्वासिमोच्या बायका फाट्यावर धावल्या, कुणी चर्चची घंटा बडवली. पहिल्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "कोरोसाल कुठल्या बाजूला?"

दीदिमोने प्रामाणिकपणे डावीकडे बोट दाखवलं, आणि तिन्ही ट्रक डावीकडे वळले.

महिन्याभरात कोरोसालला नळाची दुसरी लाइन मिळाली. तिथले लोक गाईंनासुद्धा दोनदा आंघोळ घालू लागले. ग्वासिमोत एनेइदाशी बोलणं बंद झालं. शेजारीण भिंतीआडून मोठ्याने म्हणायची, "बाई गं, यमक आण एक बादली, भांडी घासायचीत!"

एनेइदा नवी टोपी घालून जिल्ह्याच्या गावी पाणी कचेरीत गेली. तिथला इंजिनिअर रोमेलियो शांत माणूस होता. त्याने फाइल काढली. "बाई, अर्ज कोरोसालचा आहे. सोबत कविता जोडलीय."

"ती मीच लिहिलीय!"

"मग गावाचं नाव नीट नाही का घालायचं?"

"यमक!" एनेइदा कळवळून म्हणाली.

इंजिनिअरने चष्मा काढला, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "मीही थोडं लिहितो. ग्वासिमोला खरंच काही मिळत नाही?"

दोघं अर्धा तास डोकं खाजवत बसले. बाहेर माणसं ताटकळली. शेवटी तो म्हणाला, "नाही बुवा. गाव पाण्यावाचून आणि नाव यमकावाचून." मग त्याने नकाशा उलगडला. "एक होऊ शकतं. मंजुरी कोरोसालला आहे आणि पाइप उरलेत. तुमचं गाव कागदोपत्री 'वरचं कोरोसाल' झालं, तर मी उद्या माणसं पाठवतो."

"आणि ग्वासिमो?"

"ते... कागदावर राहणार नाही."

त्या रविवारी चर्चसमोर सभा झाली. एनेइदाने नावावर बोलायची तयारी केली होती: आजे-पणजे, थडग्यांवर कोरलेली अक्षरं, माणसाचं नाव गेलं की मागे काय उरतं. ती जेमतेम दुसऱ्या वाक्यावर होती तेव्हा सगळ्यात म्हातारी बाई उठून म्हणाली, "एनेइदा, माझे गुडघे बघ. नाव राहिलं काय आणि गेलं काय, घागर मलाच उचलायची असते." घरटी एक, असे चाळीसच्या चाळीस हात वर झाले. एनेइदाचा सगळ्यात शेवटी झाला, पण झाला.

पाणी मंगळवारी आलं. नळ आधी खोकला, मग तांबडं ओकला, मग स्वच्छ धार लागली. दीदिमो कपड्यांसकट धारेखाली बसला. बायका एनेइदाशी पुन्हा बोलू लागल्या, इतकं की तिला विणायला वेळ मिळेना. फाट्यावर नवी पाटी लागली. तिच्यासमोरून जाताना एनेइदा मान फिरवायची आणि जुनं नाव ओठातल्या ओठात म्हणून घ्यायची.

पंधरा दिवसांनी खालच्या कोरोसालहून चिठ्ठी आली. आता आपण सगळे एकाच गावचे, तेव्हा आमच्या संताच्या सणाला वरच्या वाडीने मक्याचे तीनशे तमालेस करून पाठवावेत.

दीदिमोने ती दोनदा वाचून दाखवली. "हा अन्याय आहे, एनेइदा. लिही काहीतरी जोरदार!"

एनेइदाने टोपीचा काठ वळवला आणि दातांनी पात तोडली.

"नको," ती म्हणाली. "मका भिजत घाल."