सभेतून उठलेली रांग

फेब्रुवारीत कुरुंदा कसं पिवळंजर्द होऊन जातं. शिवारात हळद, अंगणात हळद, पोरींच्या नखांत हळद. जणू अख्ख्या गावालाच कुणी नवरीसारखं न्हाऊ घालायला बसवलंय. नेमक्या याच दिवसांत भागवतरावांनी गावात क्रांती करायचं ठरवलं. वार रविवारचा धरला, म्हणजे क्रांतीसाठी कुणाला रजा टाकावी लागू नये.

भागवतराव युवाशक्ती परिवर्तन मंचाचे अध्यक्ष. वय म्हणाल तर थोरली लेक कॉलेजात आहे, पण युवा हे पद एकदा मिळालं की माणूस सहसा सोडत नाही. राजनंदिनी त्यांची पुतणी. तिला आणि तिच्या दहावीच्या मैत्रिणींना पुढच्या रांगेत बसवलं होतं, फोटोत तरुणाई दिसावी म्हणून. मागच्या खुर्च्या भरायला गावातल्या झाडून साऱ्या मजूरबाया आणल्या होत्या, दिवसाचा रोज आगाऊ देऊन.

तिथंच तर सगळं अडलं होतं. राजनंदिनीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, ती नाहिदची. नाहिदच्या घरची हळद काढून शेतात पडलेली. सोमवारी सकाळी ती शिजवायचा भाड्याचा कुकर येणार, आणि नंबर हुकला तर पुन्हा कधी येईल ते कुकरवाल्यालाही माहीत नाही. त्याआधी एकेक गड्डा हातात धरून हळकुंडं मोडून वेगळी करायची. मोडायला बाई एक मिळेना. आणि सोमवारीच दहावीचा पहिला पेपर.

"परीक्षा पुढल्या साली बी येती, बेटा," नाहिदचे अब्बा, इब्राहीमचाचा म्हणाले होते. "ढीग सडला तर सालभर खायाचं काय?"

नाहिद वह्या कपाटावर ठेवून शेतात गेली होती.

"तरुणांनो, समाज बदलायची ताकद तुमच्या मनगटात आहे!" स्टेजवर भागवतराव गरजत होते. "शेजाऱ्याचं दुःख दिसलं, की खरा तरुण बसून राहत नाही!"

राजनंदिनी उठली.

"काका, नाहिदची हळद मोडायची हाय. समद्या बाया तुमी इथं बसवल्यात."

"प्रश्नोत्तरं शेवटी आहेत, बाळा."

"तवर तिचा पेपर बुडंल."

"बस खाली," भागवतराव माईकवर हात ठेवून पुटपुटले, "फोटो काढून राहिलेत."

ती बसली नाही. तिची मैत्रीण वैष्णवी उठली, मग सगळी रांगच उठून चालू लागली. "घे, घे! तरुणाई उठली बघ!" भागवतराव फोटोग्राफरला ओरडले. त्या बिचाऱ्यानं पाठमोऱ्या तरुणाईचे सुरेख फोटो काढले.

मागच्या खुर्च्यांत रुख्मिणीबाईनं पदर खोचला. "मजुरी बसायचीच भेटली ना? मंग हितं बसलं काय अन् ढिगापाशी बसलं काय."

बाया उठल्या. भागवतरावांच्या आई, शालूबाईही उठल्या. वाटेत एकीनं त्यांच्या कानाशी कुजबुज केली, "शालूमाय, आपली सावड भावकीतली. आज आमी तुमच्याकडं, उद्या तुमी आमच्याकडं. इब्राहीमच्या घरी कवा होती?"

"नव्हती," शालूबाई म्हणाल्या. "पोरींनी धरली, आता हाय. उद्या ते येतील आपल्या ढिगावर."

शेतात नाहिद फक्त आईसोबत मोडत बसली होती. एवढी माणसं बघून तिच्या हातातला गड्डा तसाच राहिला. राजनंदिनी तिला खेटून बसली. "रडू नको, डोळ्याला हळद लागंल. समानार्थी शब्द राहिलेत ना तुझे? चल." आणि तिनं ओवी उचलली:

"हळदीच्या ढिगाखाली, गड्डा झोपे गं माउली,
सांग सांग माझे सई, छाया म्हणजे गं सावली."

बाया हसल्या, पण पुढची ओळ झेलली. कट्कन हळकुंड मोडे, ठेक्यावर शब्द पडे. व्याकरण इतकं गोड लागतं हे शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात जीपचा आवाज. सभा निघून गेली म्हणून वक्ता सभेमागं आला होता; हातात बिनवायरचा माईक, मागं फोटोग्राफर. "या ऐतिहासिक क्षणी..."

"भागवत," शालूबाईंनी मान वर केली नाही, "सावडीत उभं राहत नसत्यात. बस."

"आई, कपडे पांढरे हायत."

"म्हणून तर म्हणून राहिले. बस."

रुख्मिणीबाईनं सरकून जागा केली. इतक्या बायांसमोर आईला नाही म्हणायचं, तर भाषण कोणत्या तोंडानं करायचं? भागवतराव बसले. पहिलाच गड्डा त्यांनी असा धरला, की नाहिदच्या आईनं हळूच त्यांच्या हातात उलटा करून दिला.

दिवस मावळायला ढीग मोडून झाला. इब्राहीमचाचा मघापासून उगाच पाण्याचा तांब्या घेऊन सगळ्यांत फिरत होते. रिकाम्या झालेल्या जागेकडे बघत राहिले, मग राजनंदिनीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "बेटा, पोरीला सेंटरवर किती वाजता सोडायचं?"

सोमवारच्या पेपरात, म्हणजे छापील, बातमी आली: युवानेत्याच्या भाषणानं भारावून मुली शेतात. राजनंदिनीनं ती घडी करून बाजूला ठेवली आणि दुपारी आपला पेपर देऊन सेंटरच्या फाटकाशी नाहिदला गाठलं.

"कसा गेला? निबंधातला पहिला विषय पायला?"

"'युवाशक्ती आणि समाजपरिवर्तन'."

"मंग? लिवला?"

"काहून लिवू? त्यात लई खोटं लिवावं लागतं." नाहिदनं पिवळ्या बोटांनी ओढणी सारखी केली. "दुसरा होता, आवडता पक्षी. मी टिटवीवर लिवला. चल, आज तुमचा ढीग हाय ना?"